वनस्पतिवर्णनाची परिभाषा (खानदेश)

वनस्पतीचे मूळ, खोड, पान, फुलोरा, फूल, फळ आणि बी यांची ठेवण नेमक्या शब्दांत मांडून तिची जाती ओळखता यावी, यासाठी वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील आहेत.

भारतीय परंपरेत अशा संज्ञा केव्हा रूढ झाल्या, याविषयी एकमत नाही. पराशराच्या नावावरील वृक्षायुर्वेदात पाने व फुले यांच्या भागांची बरीच सूक्ष्म नावे आढळतात. काही अभ्यासक हा ग्रंथ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा मानतात. इतरांना तो बराच उत्तरकालीन वाटतो आणि त्याच्या अस्सलपणाविषयीही शंका घेतली गेली आहे. त्यापेक्षा अमरकोशाचा (साधारणतः इ. स. चौथे ते सहावे शतक) आधार अधिक भक्कम आहे. त्यातील वनौषधिवर्गात फुलावाचून फळणारी ती ‘वनस्पती’, फूल येऊन फळणारा तो ‘वानस्पत्य’ आणि फळ पिकताच वाळून जाणारी ती ‘ओषधी’, असा भेद केला आहे. मनुस्मृती व चरकसंहितेतही जवळपास हीच विभागणी दिसते. वड, उंबर, पिंपळ यांना फूल नाही असे म्हणणारा निरीक्षक चुकला असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांची फुले मांसल, पोकळ पुष्पासनाच्या (ज्यावर फुले बसतात त्या भागाच्या) आत दडलेली असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. आज या रचनेला कुंभासनी फुलोरा म्हणतात.

सध्याच्या वर्णनपद्धतीचा पाया कार्ल लिनीअस यांनी १७५१ साली लॅटिन संज्ञा व्याख्यांसह एकत्र मांडून घातला. द्विनाम पद्धती, म्हणजे प्रजाती व जाती अशा दोन शब्दांनी नाव देण्याची रीत, १७५३ पासून मोजली जाते. मराठीत मात्र दोन परिभाषा शेजारी शेजारी नांदतात. शालेय पुस्तकांत फुलाच्या चार मंडलांना निदलपुंज (बाहेरची हिरवी दले), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर) व जायांग (स्त्रीकेसर) असे शब्द येतात, तर विश्वकोशीय लेखनात त्यांच्याच जागी संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल व किंजमंडल. दोन्ही संच शुद्ध आहेत; एकाच वर्णनात ते मिसळू नयेत, एवढे पथ्य पुरे.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे थिओडोर कुक यांनी केलेले वर्णन १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यातील ‘खानदेश’ हा स्थलनिर्देश जपून वाचावा लागतो. पूर्व व पश्चिम खानदेश हे जिल्हे १९०६ मध्ये वेगळे झाले. त्याआधीचा नमुना सातपुड्याच्या उतारावरचा की दक्षिणेकडील डोंगररांगांतला, हे एवढ्या एका शब्दावरून ठरत नाही.

केवळ स्थानिक नावावर विसंबल्याने होणाऱ्या गफलतीचे उत्तम उदाहरण म्हणजे अंजन. खानदेशात अंजन म्हणजे कोरड्या, खडकाळ उतारांवरचा चाऱ्याचा व टणक लाकडाचा वृक्ष. कोकण-घाटात मात्र अंजन किंवा अंजनी म्हणजे निळ्या फुलांचे, समोरासमोर साधी पाने असलेले निराळेच झाड. खानदेशी अंजनाची पाने एकाआड एक व संयुक्त असून प्रत्येक पानाला दोनच दले असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील (हार्डविकिया बायनाटा) जातिवाचक शब्दाचा अर्थही जोडीचा असाच आहे. शेंग चपटी, पातळ, न तडकणारी आणि टोकाशी एकच बी असलेली. आपट्याचे पान पाहून हीच दोन दले आहेत असा समज होतो, पण तेथे पान एकच असते, फक्त दुभंगलेले. पाते खालच्या बाजूस अखंड आहे की देठावर दोन सुटी दले आहेत, एवढे पाहिले की संशय उरत नाही.

येथे ‘पाते’ या शब्दाबद्दल सांगणे आवश्यक आहे. परिभाषेत पाते म्हणजे पानाचा पसरट भाग. कापूस पिकवणारा शेतकरी मात्र पाते म्हणतो ते कळीला. पातेगळ म्हणजे कळ्यांची गळ. ही कळी तीन छदांनी (फुलाखालच्या पानासारख्या भागांनी) वेढलेली असते आणि कपाशीच्या जाती ओळखण्याचे एक महत्त्वाचे लक्षण नेमके या छदांच्या कडेत असते. देशी कपाशीत (गॉसिपियम आर्बोरियम) कडा जवळजवळ अखंड किंवा टोकाकडे थोड्याच दातांची असते, तर अमेरिकन कपाशीत (गॉसिपियम हिर्सुटम) ती खोलवर चिरलेली, लांब निमुळत्या दातांची असते. म्हणून शेतात माहिती विचारताना ‘पाते’ म्हणजे काय अभिप्रेत आहे, ते आधी स्पष्ट करून घ्यावे. याउलट ‘बोंड’ हा शब्द शेतातून जसाच्या तसा परिभाषेत आला आणि सुकल्यावर तडकणाऱ्या, अनेक बियांच्या फळांसाठी सर्वत्र रुळला. घडवलेल्या संस्कृत शब्दापेक्षा तो सरस ठरला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रावेर-यावलकडील केळीचे वर्णन करताना उभा बुंधा ‘खोड’ म्हणून नोंदवू नये. ते एकमेकांवर घट्ट बसलेल्या पर्णतलांचे (पानांच्या तळच्या आवरणांचे) आभासी खोड होय. खरे खोड जमिनीतील कंद. त्यापासून निघणाऱ्या मुनव्यांना (बाजूच्या नव्या कोंबांना) परिभाषेत अधश्चर म्हणतात. फळ मृदुफळ (गरदार), किंजपुट (बीजके असलेला फुलाचा भाग) अधःस्थ, म्हणजे फुलाच्या इतर भागांच्या खाली.

अहिराणी व लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. फळ ‘फय’, बाभूळ ‘बाभूय’. नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थानिक नाव लिहिताना ते ऐकले तसेच लिहावे आणि प्रमाण रूप शेजारी द्यावे.