पार्श्वभूमी : बुटांच्या खोक्याआधीचा घरगुती प्रोजेक्टर

बुटांचे रिकामे खोके, एका टोकाला भोक पाडून बसवलेले भिंग आणि आत पुठ्ठ्याला टेकवलेला मोबाइल. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हल्ली या प्रोजेक्टरचे एखादे टेबल हमखास दिसते, वर ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी पाटी असते. ही युक्ती अगदी अलीकडची म्हणून सांगितली जाते. तिची रचना मात्र पन्नासेक वर्षांची जुनी आहे, आणि मधल्या काळात हौशी मंडळी तिच्या कितीतरी पुढे जाऊन आली होती. ही टीप मुख्यतः त्या मधल्या काळाविषयी, म्हणजे साधारण २००२ ते २००८ या वर्षांविषयी आहे.

आधी खोक्याचा हिशेब उरकून घेऊ. ५ इंची मोबाइलची चकाकी ५०० निट (निट हे चकाकीचे माप) धरली, तर त्याच्या पडद्यातून एकूण ११ ल्युमेनच्या (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप) आसपास प्रकाश बाहेर पडतो, आणि तो सगळीकडे विखुरतो. ५० मि.मी. व्यासाचे, १५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग समोर ठेवले तर त्यातला जेमतेम पन्नासावा हिस्सा भिंगात शिरतो. उरला पाव ल्युमेन. तो सव्वा मीटर लांबच्या भिंतीवर ४० इंची चित्रात पसरला की पडणारा उजेड अर्धा लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर अर्धा ल्युमेन. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सपर्यंत असते, चित्रपटगृहाच्या पडद्यावर पांढऱ्या दृश्यात सुमारे १५० लक्स असतात. चित्र दिसतच नाही असे नाही, दिसते. डोळे अंधाराला सरावले की बरेही दिसते. पण मोबाइलची चकाकी दुप्पट केली तरी अर्ध्याचा एक लक्स होणार, यापलीकडे काही नाही.

शिवाय अक्षरे उलटी पडतात. मोबाइल उलटा ठेवला की माणसे पायांवर उभी राहतात, पण डावे-उजवे बदललेलेच राहते. आरशातल्यासारखे चित्र उलटवून देणारे ॲप नसेल तर त्याला इलाज नाही. खोक्याच्या व्हिडिओंत कार्टून आणि गाणी पुष्कळ दिसतात, सबटायटलचा सिनेमा सहसा दिसत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

याच्याशेजारी आपल्याकडचा जुना खेळ ठेवून पाहा. थिएटरमागे किंवा जत्रेत मिळणारे फिल्मचे तुकडे, फ्यूज गेलेल्या बल्बची टोपी काढून त्यात भरलेले पाणी, आरशाने दारातून आत सोडलेले ऊन आणि पडदा म्हणून धोतर. पाण्याने भरलेला गोल बल्ब हे उत्तम नाही, पण चालण्याजोगे भिंग असते. त्याचे नाभीय अंतर त्याच्या व्यासाएवढेच भरते. चित्र मध्यभागी स्पष्ट आणि कडांना धूसर येते. प्रकाश मात्र भरपूर. भर दुपारी उन्हाचा उजेड लाखभर लक्स असतो, म्हणजे फिल्मच्या २२ बाय १६ मि.मी.च्या चौकटीवर ३५ ल्युमेन पडतात. आरसा, फिल्मचे रंग आणि काच यांत निम्म्याहून जास्त गेले तरी उरलेला प्रकाश मोबाइलच्या खोक्याच्या कितीतरी पट होतो. त्यातली मेख उन्हाच्या प्रखरतेइतकीच त्याच्या दिशेत आहे. सूर्यकिरण जवळजवळ समांतर येतात, त्यामुळे फिल्ममधून पार झालेला प्रकाश भरकटत नाही, सरळ बल्बात शिरतो. मोबाइलचा प्रकाश बाहेर पडतानाच दाही दिशांना फुटलेला असतो, आणि एकदा फुटलेला प्रकाश कोणतेही स्वस्त भिंग परत गोळा करू शकत नाही. घरगुती प्रोजेक्टरचा पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सतराव्या शतकातला जादूचा कंदील, कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९२च्या सुमारास सुरू केलेले ‘शांबरिक खरोलिके’चे, म्हणजे जादूच्या कंदिलाचेच, प्रयोग, नंतरचे फिरते तंबू हे सगळे याच वंशातले. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांत चित्र काचेवर किंवा फिल्मवर होते आणि दिवा मागे होता, एवढे इथे लक्षात ठेवले तरी पुरे.

व्हिडिओ आला आणि ही सोय गेली. टीव्हीची नळी स्वतःच उजळते, तिच्यामागे दिवा लावता येत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तीन नळ्यांचे, ७ फुटी पडद्याचे घरगुती प्रोजेक्टर बाजारात आले, पण ते श्रीमंतांपुरते. मग तिथल्या लोकप्रिय तंत्रविषयक मासिकांच्या शेवटच्या पानांवर जाहिराती झळकू लागल्या : तुमच्या घरच्या टीव्हीपासून भिंतभर चित्र, आराखडे आणि भिंग टपालाने पाठवू. लाकडी पेटी, तिच्या तोंडाशी प्लास्टिकचे मोठे भिंग आणि आत डोक्यावर उभा केलेला छोटा टीव्ही. डावे-उजवे सुधारायला नळीच्या मानेवरच्या वेटोळ्याची जोडणी उलटवायची, म्हणजे हजारो व्होल्ट खेळणाऱ्या पेटीत हात घालायचा. आराखड्यात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असे. टीव्हीच्या जागी मोबाइल ठेवला की आजचे खोके तयार. तेव्हाही चित्र अंधुकच यायचे आणि तेव्हाही जाहिरातीतला फोटो भलताच उजळ असायचा.

दिवा परत मागे गेला तो एलसीडीमुळे. एलसीडी स्वतः उजळत नाही, फिल्मसारखी मागचा प्रकाश अडवते किंवा सोडते. १९८९मध्ये एलसीडीचे पहिले व्हिडिओ प्रोजेक्टर दुकानांत आले. त्याच सुमाराला ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या (ओएचपी, पारदर्शक कागदावरचा मजकूर भिंतीवर टाकणारे यंत्र) काचेवर ठेवायची, संगणकाला जोडता येणारी पॅनेलही निघाली. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि प्रशिक्षण संस्थांत ओएचपी होताच. पारदर्शक कागद आणि स्केचपेनवर भागत असल्याने पॅनेल फार थोड्यांनी घेतली.

हौशी मंडळींनी उचलली ती हीच कल्पना. २००० नंतर १५ इंची एलसीडी मॉनिटर स्वस्त होऊ लागला. कुणीतरी तो उघडला, मागची दिव्यांची ट्यूब (बॅकलाइट) आणि प्रकाश पसरवणारे कागद काढले आणि उरलेली काच ओएचपीवर ठेवली. चित्र आले. अडचणीही लगेच दिसल्या. पॅनेलची रुंदी ३०५ मि.मी. आणि ओएचपीची काच साधारण २८५, त्यामुळे कडा कापल्या जात. ओएचपीचा ४०० वॅटचा हॅलोजन पन्नास-पाऊणशे तासांत जाई, म्हणजे पंचवीस-तीस सिनेमे. आणि पंख्याचा आवाज असा की संवाद ऐकायला स्पीकर मोठा करावा लागे.

म्हणून ओएचपी टाकून त्याची रचनाच प्लायवूडच्या पेटीत नव्याने बांधायला सुरुवात झाली. दिवा बदलून ४०० वॅटचा मेटल हॅलाइड आला, जो होर्डिंगवर किंवा मैदानावर लावतात तोच, चोक आणि इग्निटर या वीज आवरणाऱ्या आणि दिवा पेटवणाऱ्या उपकरणांसकट. तेवढ्याच विजेत दुपटीच्या आसपास प्रकाश आणि आयुष्य हजारो तासांचे. आपल्याकडे तो कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळत होता. मिळत नव्हती ती भिंगे. पॅनेलएवढी फ्रेनेल भिंगे (गोलगोल खाचांच्या सपाट पाट्या) आणि ३२० मि.मी. नाभीय अंतराचे तीन काचांचे पुढचे भिंग परदेशातून मागवावे लागे, आणि टपालखर्च धरला की ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा लागे. त्यात २००५च्या सुमाराला १५ इंची एलसीडी फोडायला काढण्याइतकी इथे स्वस्त झालीच नव्हती. घराघरांत अजून जाडजूड मॉनिटर होते. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत जुन्या एलसीडींचे ढीग दिसू लागले तोवर परदेशात ही लाट ओसरत आली होती.

पॅनेल निवडणे हीच एक विद्या होती. काचेच्या कडेला चिकटलेल्या सर्किटच्या पट्ट्या बॅकलाइट काढल्यावर बाजूला उलगडता आल्या पाहिजेत, नाहीतर त्या प्रकाशाच्या वाटेत येतात. पट्ट्यांना मुख्य बोर्डाशी जोडणारी चपटी केबल आखूड असेल तर मॉनिटर बाद. काही मॉनिटर बॅकलाइट सापडला नाही की दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेत. कोणते मॉडेल चालते, कोणते नाही, याच्या याद्या हातोहात फिरत. बाकी सगळी लढाई उष्णतेशी. रंगीत पॅनेल पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सहा-सात भागच पुढे सोडते. बाकीचा बहुतेक पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारे पापुद्रे) आणि रंगांच्या गाळण्या गिळतात आणि तापतात. पॅनेलची मर्यादा मात्र ५० अंश सेल्सिअसच्या आसपास. ती ओलांडली की मध्यभागी काळा डाग उमटे, गार झाल्यावर जाई आणि एखाद दिवशी जात नसे. म्हणून उष्णता अडवणारी काच, चार-पाच पंखे आणि पेटीत हवा खेळवण्याचे नाना नकाशे. एवढे सगळे जमले की भिंतीवर दोन-तीनशे ल्युमेन पोचत. अडीच मीटरवर १०० इंची चित्र आणि ७०-८० लक्स, म्हणजे चित्रपटगृहाच्या निम्मा उजेड. बुटांच्या खोक्याच्या दीडशेपट.

आणि याच टप्प्यावर तो वाद पेटला, जो वर्षानुवर्षे मिटला नाही : दुसरे फ्रेनेल भिंग पॅनेलच्या अलीकडे ठेवायचे की पलीकडे?

दिव्याचा प्रकाश पॅनेलमधून नेऊन पुढच्या भिंगात गोळा करायला दोन फ्रेनेल लागतात. पहिले दिव्याचे किरण समांतर करते, दुसरे ते समांतर किरण पुढच्या भिंगाच्या तोंडाशी एकवटते. ‘स्प्लिट’वाले म्हणत, दोघांच्या मध्ये पॅनेल ठेवा. म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून प्रकाश काटकोनात जाईल, आणि या पॅनेलला सरळ जाणारा प्रकाशच मानवतो. ‘नॉन-स्प्लिट’वाले म्हणत, दोन्ही भिंगे दिव्याकडे ठेवा आणि एकवटत जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पॅनेल धरा. ओएचपीने अनेक दशके हेच केले, त्याला कुणी नावे ठेवली नाहीत.

नॉन-स्प्लिटवाल्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. फ्रेनेल म्हणजे गोलगोल खाचांची प्लास्टिकची पाटी. ती पॅनेल आणि पुढचे भिंग यांच्या मध्ये आली की खाचांचा चित्राशी संबंध येतो. पॅनेलच्या फार जवळ ठेवली तर पिक्सेलच्या चौकटी आणि खाचा यांच्या झटापटीत लाटांची नक्षी उमटते. खाचेत बसलेला धुळीचा कण भिंतीवर रुपयाएवढा दिसतो. चौकटीच्या कडा किंचित वाकतात ते वेगळेच. दुसरे फ्रेनेल दिव्याकडे गेले की या कटकटी एका फटक्यात संपत.

पण किंमत कशात मोजायची? नॉन-स्प्लिटमध्ये पुढच्या भिंगापासून पॅनेल ३७ सें.मी.वर असते आणि कोपऱ्यातून जाणारे किरण सुमारे २७ अंश कललेले असतात, वरच्या-खालच्या कडेला १७ अंश. त्या काळचे मॉनिटर टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) या स्वस्त एलसीडी जातीचे. ते खालून पाहिले की रंग कसे काळवंडतात आणि उलटतात हे ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. चित्राची एक कडा धुरकट आणि दुसरी काळपट, आणि कोणत्याही बटणाने ते सुधारत नसे. यावर उत्तर यायचे की मॉनिटरसमोर ३७ सें.मी.वर बसून आपण रोज कामे करतोच, तेव्हा कुठे तक्रार करतो? हुशार उत्तर आहे, पण अपुरे. मॉनिटरसमोर आपण मान हलवतो, आणि कडेचा रंग थोडा बदलला तर मेंदू तो खपवून घेतो. भिंतीवर तोच फरक १०० इंचांत पसरून एकाच वेळी समोर येतो.

खाचा लपवता येतात. दुसरे फ्रेनेल पॅनेलपासून दोन-तीन सेंटिमीटर सरकवले की त्या फोकसबाहेर जातात. धूळ ब्लोअरने उडवता येते. कललेला किरण मात्र पॅनेलमधून जाऊन गेल्यावर सरळ करता येत नाही. स्प्लिटच्या बाजूने एवढा एकच मुद्दा निर्णायक मानायला हरकत नसावी, तरी दोन्ही बाजूंनी इतके फोटो पुढे यायचे, प्रत्येकाचा कॅमेरा आणि उजेड वेगळा, की त्यावरून काहीच ठरू नये.

वाद चालू असतानाच त्याखालची जमीन सरकली. २०१०च्या आसपास वापरलेले डीएलपी (चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र घडवणारे) प्रोजेक्टर या सगळ्या सामानाच्या किमतीत मिळू लागले आणि पेट्या माळ्यावर गेल्या. मग १०० वॅटच्या एलईडी चिप आल्या. चोक, इग्निटर आणि तासाभराने तापणारी पेटी यांच्यापासून सुटका झाली. साडेपाच इंची मोबाइलचे २५६० बाय १४४० पिक्सेलचे पॅनेल एचडीएमआयच्या बोर्डासह सुटे मिळू लागले. त्यांचा खरा ग्राहक पुढे रेझिनचे थ्रीडी प्रिंटर ठरला, पण काही जणांनी त्यांतूनही प्रोजेक्टर बांधले.

आज ऑनलाइन चार-सहा हजारांत मिळणारा एलईडी प्रोजेक्टर उघडला, तर आत तीच प्लायवूडच्या पेटीची रचना दिसते, छोटी करून प्लास्टिकमध्ये कोंबलेली : एक चिप, एक पॅनेल, दोन फ्रेनेल, एक लांबट भिंग. खोक्यावर ९००० ल्युमेन छापलेले असतात. ते फार तर दिव्याचे असतील. १९९२च्या अमेरिकी मानकाप्रमाणे पडद्यावर नऊ ठिकाणी मोजले तर हे यंत्र दीडदोनशेवर येते, म्हणजे हौशी पेटीपेक्षा कमीच. आणि या यंत्रांत पॅनेलच्या एका बाजूला एक फ्रेनेल आणि दुसऱ्या बाजूला दुसरे असते. कारखान्यांनी स्प्लिटच निवडले. जुने नॉन-स्प्लिटवाले यावर एवढेच म्हणतात, की ती पाटी उलटी धरून तिच्यावरची धूळ आधी पाहा.