‘माणूस चांगला आहे, पण निवडून येईल का?’

२४ जून २०२५. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी पारा ३७ अंशांच्या आसपास गेला होता. अशा उन्हात डेमोक्रॅटिक पक्षाचे नोंदणीकृत मतदार महापौरपदाचा उमेदवार ठरवायला केंद्रावर येत होते. हातात पडणाऱ्या मतपत्रिकेवर डावीकडे ११ नावं. प्रत्येक नावापुढे पाच छोटे लंबगोल: पहिली पसंती, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पेनने लंबगोल भरायचा आणि कागद स्कॅनरमध्ये सरकवायचा.

त्या ११ जणांत एका बाजूला होते अँड्र्यू कुओमो. राज्याचे माजी गव्हर्नर, वडीलही गव्हर्नर, घराघरांत पोहोचलेलं नाव. दुसऱ्या बाजूला झोहरान ममदानी. वय ३३, राज्याच्या विधानसभेत जेमतेम साडेचार वर्षं झालेली, स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारे. भाडेवाढ गोठवा, बस मोफत करा, मुलांच्या सांभाळाची सोय सरकारने करा, हा त्यांचा कार्यक्रम. फेब्रुवारीतल्या एका जनमत चाचणीत त्यांना १ टक्का मतदारांची पसंती होती.

चाचणीतला हा १ टक्का मला खूप बोलका वाटतो. त्या वेळी बहुतेकांना ममदानी माहीतच नव्हते, हे खरं. पण जसजशी ओळख वाढत गेली तसतसा दुसरा अडसर पुढे आला, आणि तो आपल्याकडच्या कोणत्याही पारावर, कट्ट्यावर ऐकू येतो: ‘माणूस चांगला आहे हो, पण निवडून येईल का?’

महाराष्ट्रात हा प्रश्न पक्षाचे नेते विचारतात. तिकीटवाटपाच्या बैठकांच्या बातम्यांत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द हमखास येतो. सामान्य मतदाराच्या हाती उमेदवारांची यादी येते तेव्हा चाळणी लागून गेलेली असते. अमेरिकेत प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीमुळे ही चाळणी थेट मतदाराच्या हातात येते. म्हणजे त्याला दोन कामं एकदम करावी लागतात. आपल्याला कोण हवं हे ठरवायचं आणि इतर लाखो लोकांना कोण चालेल याचा अंदाजही बांधायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी असतं. दुसऱ्याचं उत्तर दुसऱ्यांच्या डोक्यात असतं, आणि ते दुसरेही आपल्याकडेच पाहून अंदाज बांधत असतात.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली शेअर बाजार समजावून सांगताना असंच एक उदाहरण दिलं होतं. वर्तमानपत्रात शंभर चेहऱ्यांचे फोटो छापलेत. सर्वांत सुंदर सहा चेहरे निवडायचे. पण बक्षीस मिळणार ते ज्याची निवड सगळ्या स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला. मग स्वतःला आवडलेला चेहरा कोण निवडेल? जो तो ‘लोकांना काय आवडेल’ याच्या मागे लागणार. आणि लोक म्हणजे तरी कोण? तेही हाच विचार करणारे. या खेळात कुणालाच मनापासून न आवडलेला चेहरा सर्वांत पुढे जाऊ शकतो.

निवडणुकीत हे घडतं का, याचा एक सुंदर पुरावा २०१९ च्या उन्हाळ्यात मिळाला. अमेरिकेत डेमोक्रॅटिक मतदारांची पाहणी झाली. आज मतदान असेल तर कुणाला मत द्याल, या प्रश्नावर जो बायडेन आघाडीवर होते. मग विचारलं, जादूची कांडी फिरवून तुम्ही कुणालाही थेट राष्ट्राध्यक्ष करू शकत असाल, निवडणूक जिंकायची भानगडच नसेल, तर? आता किंचित पुढे गेल्या एलिझाबेथ वॉरन. तेच लोक, तीच यादी. फक्त ‘निवडून येईल का’ हे ओझं डोक्यावरून उतरवलं, तर क्रम बदलला.

हे ओझं सगळ्या उमेदवारांवर सारखं पडत नाही. राज्यशास्त्रज्ञ रेजिना बेटसन यांनी २०२० मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. पात्रता अगदी सारखी असली तरी स्त्री किंवा कृष्णवर्णीय उमेदवार गोऱ्या पुरुषापेक्षा निवडून यायला कठीण, असं अमेरिकन लोक धरून चालतात, असं त्यांना आढळलं. मतदाराच्या स्वतःच्या मनात आकस नसतो. शेजाऱ्याच्या मनात तो असेल या भीतीने तो हात आखडता घेतो. परिणाम मात्र आकस असल्यासारखाच होतो. प्रस्थापितांच्या बाहेरून आलेल्या उमेदवाराची अर्धी लढाई अशा न पाहिलेल्या शेजाऱ्याशी असते.

हा अंदाज कशाच्या आधारावर बांधला जातो? चाचण्या, बातम्या, देणग्यांचे आकडे, आणि जिथे आधी मतदान झालं तिथले निकाल. आपण ज्याला ‘हवा’ म्हणतो, तीच. लॅरी बार्टेल्स यांनी १९८० च्या दशकात अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं की सुरुवातीच्या राज्यांतल्या यशाने उमेदवाराला पुढच्या राज्यांत जोर मिळतो. उमेदवार तोच असतो, त्याची भाषणंही तीच असतात. बदलतं ते इतर मतदारांबद्दलचं आपलं मत. २०२० मध्ये हे अवघ्या तीन दिवसांत दिसलं. आधी नेवाडात डाव्या विचारांचे बर्नी सँडर्स मोठ्या फरकाने जिंकले होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन जिंकले, पाठोपाठ तीन प्रतिस्पर्धी मैदानातून बाजूला झाले, आणि ३ मार्चला १४ राज्यांपैकी १० राज्यं बायडेन यांच्याकडे गेली.

बाहेरच्या उमेदवाराला एक गोष्ट मात्र प्राथमिक फेरीतच मिळते. मुख्य निवडणुकीत बहुतेक मतं चिन्ह पाहून पडतात. जोश्वा कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. मुख्य निवडणुकीत दारावर जाऊन, फोन करून, पत्रकं वाटून मतदाराचं मन वळवण्याचा परिणाम सरासरी शून्याच्या आसपास निघाला. प्राथमिक निवडणुकीत मात्र प्रचार मन वळवू शकतो, कारण तिथे सगळ्यांचं चिन्ह एकच असतं. पक्षाचा आधार नसला की मतदार माणसाचं ऐकून घेतो. त्यात मतदारही थोडे असतात. २०१८ मध्ये नवख्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी अमेरिकी संसदेवर दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना प्राथमिक फेरीत हरवलं, तेव्हा त्या मतदारसंघात जेमतेम ३० हजार मतं पडली होती. एवढ्या मतांत दारोदार फिरणारे कार्यकर्ते खरंच फरक पाडतात.

आता अवघड प्रश्न. ‘निवडून येणार नाही’ ही भीती खरी आहे की नुसता भ्रम? पुरोगामी उमेदवारांबद्दल आस्था असलेल्या माणसाला हा प्रश्न टाळावासा वाटतो. मलाही वाटतो. पण यावर चांगलं संशोधन आहे आणि ते समजून घ्यायला हवं.

अडचण अशी की जिथे टोकाचा उमेदवार जिंकतो ते मतदारसंघ मुळातच वेगळे असतात. त्यांची तुलना मवाळ उमेदवारांच्या मतदारसंघांशी करून काही कळत नाही. अँड्र्यू हॉल यांनी २०१५ मध्ये यावर जो उपाय वापरला, तो दहावीच्या निकालावरून चटकन समजेल. ३५ गुण मिळवून काठावर पास झालेला मुलगा आणि ३४ गुणांवर अडकलेला मुलगा यांच्या हुशारीत फरक जवळजवळ नसतो. फरक असतो तो शिक्क्याचा. पुढे दोघांच्या आयुष्यात जे वेगळं घडतं, ते बरंचसं त्या शिक्क्यामुळे. हॉल यांनी १९८० ते २०१० या काळातल्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अशाच काठावरच्या प्राथमिक लढती निवडल्या. एकीकडे टोकाच्या भूमिकेचा उमेदवार थोडक्यात जिंकला, दुसरीकडे थोडक्यात हरला. बाकी मतदारसंघ जवळपास सारखे. निष्कर्ष कठोर होता. टोकाचा उमेदवार थोडक्यात जिंकला तिथे मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं ९ ते १३ टक्क्यांनी घटली आणि जागा जिंकण्याची शक्यता ३५ ते ५४ टक्क्यांनी कमी झाली.

हॉल यांनी डॅनियल थॉम्पसन यांच्यासोबत केलेल्या पुढच्या कामात याचं कारणही दिसलं. ‘आमचा उमेदवार ठाम असला की आमचे लोक घराबाहेर पडतील’ ही आशा असते. प्रत्यक्षात समोरच्या पक्षाचे लोक जास्त त्वेषाने बाहेर पडतात.

म्हणजे शेजाऱ्याबद्दलचा अंदाज अगदीच निराधार नाही. पण हा अभ्यास १९८० ते २०१० चा आहे. त्यानंतर मतदार पक्षाला इतके घट्ट चिकटले की उमेदवार मवाळ की टोकाचा याने पडणारा फरक कमी होत गेला, असं अलीकडची विश्लेषणं सांगतात. आणि न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक मतदार इतके बहुसंख्य आहेत की तिथे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची धास्ती मुळातच कमी. ज्या मतदाराने ‘देशात काय चालेल’ हे माप आपल्या शहराला लावलं, त्याने चुकीच्या परीक्षेचा अभ्यास केला, असं मी म्हणेन.

आता मतमोजणीच्या नियमाकडे येतो, कारण या सगळ्या अंदाजबाजीची खरी चावी तिथे आहे. मराठी वाचकाला ओळखीचं उदाहरण आहे श्री ठाणेदार यांचं. बेळगावात वाढलेले, अमेरिकेत उद्योजक झालेले ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत बाहेरचे, पुरोगामी उमेदवार म्हणून उतरले. स्वतःचे १ कोटीहून अधिक डॉलर त्यांनी ओतले. त्याच फेरीत डेट्रॉइटच्या आरोग्य विभागाचे माजी प्रमुख डॉ. अब्दुल एल-सय्यद होते आणि सँडर्स त्यांच्यासाठी सभा घेत होते. निकाल असा: ग्रेचेन व्हिटमर सुमारे ५२ टक्के, एल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या आसपास. एकाने दुसऱ्याची मतं खाल्ली असं अशा वेळी पटकन म्हटलं जातं. पण दोघांची बेरीज ४८ होते. इथे मतविभागणीने कुणी हरलं नाही.

२०२२ मध्ये तेच ठाणेदार डेट्रॉइट परिसरातून काँग्रेससाठी उभे राहिले. नऊ उमेदवार होते. ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. बाकी ७२ टक्के मतं आठ जणांत वाटली गेली. मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व असल्याने पुढची निवडणूक औपचारिक होती. मतं फुटतील हे तिथल्या कृष्णवर्णीय नेत्यांना आधीच दिसत होतं. एका उमेदवारामागे सर्वांनी उभं राहावं म्हणून त्यांनी प्रयत्नही केले, पण जमलं नाही. जवळपास ७० वर्षांत प्रथमच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात उरला नाही. ठाणेदार नियमाप्रमाणेच जिंकले, त्यांच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण उरलेल्या आठांपैकी कुणा एकाला चाहणाऱ्या मतदाराची अवस्था पाहा. मनातल्याला मत द्यावं तर ते वाया जाणार, आणि दुसऱ्या कुणाला द्यावं तर तो ‘दुसरा’ नेमका कोण हे सगळ्यांनी आधी एकमेकांत ठरवायला हवं. केन्स यांचे शंभर चेहरेच पुन्हा.

न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवरचे ते पाच लंबगोल हे यावरचं औषध आहे. शहराने २०१९ मध्ये सार्वमताने ही पद्धत स्वीकारली. आपल्याकडे पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिलं आहे, त्यांच्यासाठी ती नवी नाही. जांभळ्या शाईचं ते स्केच पेन, नावांपुढे १, २, ३ असे आकडे. मोजणीचं तत्त्वही तेच. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीकडे सरकतात. मतदाराला सोय होते ती ही, की पहिल्या रकान्यात मनातलं नाव आणि खालच्या रकान्यांत व्यवहार, दोन्ही एकाच कागदावर मांडता येतं.

यात उमेदवारांचं वागणंही बदलतं. मतदानाला दहा-अकरा दिवस उरले असताना ममदानी आणि शहराचे लेखानियंत्रक ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना पाठिंबा दिला. मला पहिली पसंती द्या, याला दुसरी. जुन्या नियमात हे दोघे एकमेकांची मतं खात बसले असते. पहिल्या पसंतीत ममदानी यांना सुमारे ४४ टक्के, कुओमो यांना ३६, लँडर यांना ११ टक्के मतं मिळाली. मागे पडलेल्यांच्या मतपत्रिका सरकल्यावर आकडे झाले ममदानी ५ लाख ७३ हजार, कुओमो ४ लाख ४३ हजार. पहिल्या पसंतीतही पुढे ममदानीच होते. फेब्रुवारीतला १ टक्का तोवर शेजाऱ्यांना दिसू लागला होता. नोव्हेंबरमध्ये कुओमो अपक्ष म्हणून पुन्हा समोर आले आणि पुन्हा हरले.

औषधाला दुष्परिणाम आहेतच. ऑगस्ट २०२२ मध्ये अलास्कातल्या पोटनिवडणुकीत निक बेगिच हे उरलेल्या दोघींपैकी कुणाशीही एकास एक लढले असते तर जिंकले असते, असं मतपत्रिकांवरून दिसतं. पण पहिल्या पसंतीत ते तिसरे होते, म्हणून आधी तेच बाद झाले आणि मेरी पेल्टोला जिंकल्या. अनेकांची दुसरी पसंती असणं या पद्धतीत पुरत नाही. कोणताच मोजणीचा नियम सगळ्या रास्त अपेक्षा एकदम पुऱ्या करू शकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्येच गणिताने दाखवून दिलं होतं.

आणि कागदावर पाच जागा असल्या तरी त्या भराव्या लागतात. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली महापौरपदाची प्राथमिक फेरी प्रथमच या पद्धतीने झाली. अखेरच्या फेरीत एरिक अ‍ॅडम्स यांनी कॅथरिन गार्सिया यांना ७,१९७ मतांनी हरवलं. त्या वेळी सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका अशा होत्या की त्यांवर या दोघांपैकी एकाचंही नाव कोणत्याच रकान्यात नव्हतं. त्या मतदारांनी मनातली नावं लिहिली, आणि शेवटच्या लढतीत दोघांपैकी कोण बरं, ते सांगायचं राहून गेलं.