जंप क्यू

पूल या बिलियर्ड्सच्या जातीच्या टेबलावरील खेळात चेंडू मारण्याच्या काठीला क्यू आणि तिच्या टोकावरील गादीला टिप म्हणतात; क्यूने थेट मारायचा तो फक्त पांढरा चेंडू. वाटेत आडव्या आलेल्या चेंडूवरून हा पांढरा चेंडू उडवून पलीकडे नेण्यासाठी जी आखूड, हलकी आणि कठीण टिपची क्यू वापरतात, तिला जंप क्यू म्हणतात. नेहमीच्या खेळाची क्यू साधारणतः ५७ ते ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस वजनाची असते. जंप क्यूची लांबी बहुधा ४० इंचांच्या किंचित वर असते आणि वजन पुष्कळदा नेहमीच्या क्यूच्या निम्म्याच्या आसपास भरते. या क्यूने खेळाचा इतर कोणताही फटका नीट मारता येत नाही. एका विशिष्ट अडचणीपुरती ती पिशवीतून बाहेर निघते आणि काम झाले की परत आत जाते. तिचा आकार कारागिरांच्या कल्पकतेने घडला हे खरे असले, तरी तिची गरज निर्माण केली ती खेळाच्या एका नियमाने आणि तिची लांबी ठरवली ती दुसऱ्या नियमाने. जंप क्यूचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन नियमांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

चेंडू उडवण्याची क्लृप्ती जंप क्यूपेक्षा पुष्कळ जुनी आहे. त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जुळून आल्या होत्या. फ्रान्समधील कॅप्टन फ्रान्स्वा मँगो याने क्यूच्या टोकाला चामड्याची टिप बसवण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे चेंडूवर मध्याव्यतिरिक्त इतरत्र आणि क्यू तिरकी धरूनही खात्रीने आघात करता येऊ लागला. पुढे १८२६ च्या सुमारास इंग्लंडमधील जॉन थर्स्टन याने टेबलाच्या लाकडी पृष्ठाऐवजी पाटीच्या दगडाची लादी वापरण्यास सुरुवात केली. दगडी लादीवर ताणून बसवलेले लोकरी कापड आणि त्यावर चेंडू, ही रचना आजही तशीच आहे. वरून दाबून मारलेला चेंडू या लादीवर आपटून उसळतो, आणि उडीचे सारे तंत्र या उसळीवरच उभे आहे.

उडी दोन प्रकारांनी घेता येते, आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात क्यूचा मागचा भाग उंच उचलून चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर खाली रोखलेला फटका मारतात. चेंडू लादीवर दाबला जाऊन उसळी घेतो. हा प्रकार पूलमध्ये वैध आहे. दुसऱ्या प्रकारात टिप चेंडूच्या तळाशी खुपसून त्याला खालून उचकटून वर फेकतात. यात टिप घसरते, फेरूल (टिपमागचे कडे) किंवा शाफ्टही (क्यूचा पुढचा निमुळता भाग) चेंडूला लागतो, आणि हेतुपुरस्सर केलेला असा फटका अखिलाडू वर्तन मानला जातो. नवशिक्या खेळाडूची स्वाभाविक समजूत मात्र नेमकी उलटी असते. चेंडू वर न्यायचा तर खालून मारायला हवे असेच त्याला वाटते.

पूर्ण लांबीच्या क्यूनेही वैध उडी घेता येते आणि कसलेले खेळाडू ती घेत आले आहेत. पण अडवणारा चेंडू जवळ असेल, तर क्यू इतकी उभी धरावी लागते की एवढी लांब आणि जड काठी हातात आवरत नाही. त्यामुळे दीर्घकाळ उडी हा करामतीच्या फटक्यांतलाच एक प्रकार राहिला.

उगम

हे चित्र पालटले ते अमेरिकेतील नाइन-बॉल या नऊ क्रमांकित चेंडूंच्या पूलच्या प्रकारातील नियमांमुळे. या खेळात टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूलाच पांढरा चेंडू प्रथम लागावा लागतो. जुन्या पद्धतीत खेळाडू अडकला, तर तो ‘पुश आउट’ घेऊन पांढरा चेंडू हव्या त्या जागी सरकवू शकत असे; मग त्या स्थितीतून कोणी खेळायचे हे प्रतिस्पर्धी ठरवी. लागोपाठ दोन फाऊल झाल्यावरच प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडू येत असे, म्हणजे त्याला पांढरा चेंडू हवा तेथे ठेवून खेळता येत असे. अशा व्यवस्थेत चेंडूमागे लपवले गेलेल्या खेळाडूला उडी मारण्याचे काही कारणच नव्हते.

१९८० च्या दशकात ‘टेक्सस एक्सप्रेस’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत स्पर्धांमध्ये पसरली. तिच्यात पुश आउट फक्त ब्रेकनंतरच्या (डाव सुरू करताना रचलेले चेंडू फोडणाऱ्या फटक्यानंतरच्या) पहिल्या फटक्याला उरला आणि एकाच फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू टेबलावर कोठेही ठेवून खेळण्याची मुभा मिळाली. चांगल्या खेळाडूच्या हाती असा चेंडू देणे म्हणजे बहुधा तो डावच देणे. साहजिकच समोरच्याला अडकवून ठेवणे हे मोठे शस्त्र ठरले आणि त्यातून सुटण्याचे मार्ग शोधणे भाग पडले. कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) आपटून वळसा घालून चेंडू गाठणे, म्हणजे किक शॉट, हा एक मार्ग होता. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांची कीर्ती ज्या गोष्टींवर उभी आहे, त्यांत या फटक्यांचा वाटा मोठा आहे. पण किक शॉटने चेंडू गाठता आला, तरी तो पॉकेटमध्ये जाईलच याची खात्री कमी. उडीने मात्र सरळ रेषेत नेम धरता येतो. संरक्षणात्मक फटक्याला थेट आक्रमणाने उत्तर देण्याची ही सोय उडीला करामतींच्या यादीतून स्पर्धेच्या टेबलावर घेऊन आली.

पहिली जंप क्यू ही खरे तर वेगळी क्यू नव्हतीच. दोन तुकड्यांची क्यू मधोमध उघडून, जड मागचा भाग बाजूला ठेवून, नुसत्या शाफ्टने उडी मारण्याची युक्ती खेळाडूंनी काढली. शाफ्ट सुमारे २९ इंच लांब आणि जेमतेम काही औंस वजनाचा असल्याने तो उभा धरणे सोपे होते आणि चेंडू आश्चर्य वाटावे इतक्या सहज उडे. यावर नियमकर्त्यांनी बंधन आणले. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या साहित्यविषयक नियमांनुसार क्यूची लांबी किमान ४० इंच असावी लागते. कमाल लांबीला मर्यादा नाही. वजन जास्तीत जास्त २५ औंस असू शकते, मात्र किमान वजनाची अट नाही. टिपची रुंदी १४ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि फेरूल धातूचे असल्यास ते एका इंचापेक्षा लांब असता कामा नये.

नुसता शाफ्ट या नियमाने बाद झाला, पण त्याच नियमाने कारागिरांना एक स्पष्ट लक्ष्यही मिळाले. ४० इंचांच्या जरा वर राहायचे आणि वजन हवे तितके उतरवायचे. आजच्या बहुतेक जंप क्यू या मापात बसतात ते याच कारणाने. बंदी घालण्यासाठी आखलेली रेषा उत्पादनाचे मोजमाप ठरल्याची उदाहरणे क्रीडासाहित्यात इतरही सापडतील, पण इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

रचना आणि कार्य

आखूडपणापेक्षा हलकेपणाचे काम अधिक सूक्ष्म आहे. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकाच टिकतो. खाली रोखलेल्या फटक्यात चेंडू टिप आणि लादी यांच्यामध्ये सापडतो आणि लगेच उसळू पाहतो. क्यू जड असेल, तर आघातानंतरही ती बऱ्याच वेगाने पुढे येत राहते आणि वर येणाऱ्या चेंडूला पुन्हा गाठते. चेंडू दाबला जाऊन त्याची उडी मरते, आणि दुहेरी स्पर्शाचा फाऊलही होतो. ढोबळ हिशेब असा की, १९ औंसांची क्यू ६ औंसांच्या मोकळ्या चेंडूवर आदळली, तर आघातानंतर तिचा जवळजवळ सहा-दशांश वेग शिल्लक राहतो. १० औंसांच्या क्यूचा मात्र जेमतेम एक-तृतीयांश उरतो. हलकी क्यू जणू आपणहून वाटेतून बाजूला होते. तिने चेंडूला मिळणारा वेग काहीसा कमी असतो, पण हलकी काठी हाताने अधिक वेगाने फिरवता येत असल्याने ती उणीव बहुतांशी भरून निघते.

किती उडी लागते याचाही अंदाज घेता येतो. पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर असतो. वाटेतला चेंडू पूर्णपणे आडवा असेल, तर पांढऱ्या चेंडूला त्याच्या माथ्यावरून जाताना तेवढेच वर उठावे लागते. त्यासाठी उड्डाणाच्या क्षणी वरच्या दिशेने सेकंदाला सुमारे १ मीटर वेग पुरतो, आणि असा चेंडू सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच काळ हवेत असतो. अडथळा निम्माच असला, तर उडीही निम्मी लागेल असे वाटते, पण तसे होत नाही. गोलाकारामुळे तेव्हाही सुमारे ४९ मिलिमीटर उंची लागतेच. अगदी कडेला चाटून जाण्याइतका अडथळा असेल तेव्हाच ही गरज झपाट्याने घटते. शिवाय लादीवर आपटताना चेंडूचा खालच्या दिशेचा बराच वेग खर्च होतो. तो निम्मा झाला असे धरल्यास, ४५ अंशांत मारलेला चेंडू साधारण २७ अंशांतच वर निघतो. पलीकडचा लक्ष्य-चेंडू जवळ असेल, तर पांढरा चेंडू त्याच्यावरूनही निघून जाण्याचा धोका असतो. म्हणून जंप क्यूने कसब लागत नाही हे म्हणणे टिकत नाही. उडी सोपी झाली. तिचे माप साधणे सोपे झाले नाही.

कठीण टिप हा या रचनेचा तिसरा घटक. मऊ चामडे आघाताचा काही भाग गिळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. म्हणून जंप क्यूवर घट्ट दाबलेल्या चामड्याच्या किंवा फिनॉलिक रेझिनच्या टिपा आल्या, बहुधा १३ ते १४ मिलिमीटर रुंदीच्या. फिनॉलिक हे आधुनिक चेंडू ज्या वर्गातील रेझिनपासून बनतात त्याच वर्गातले द्रव्य. त्यामुळे चेंडूवर चेंडू आदळावा तसा कडक आवाज येतो आणि ऊर्जा फारशी वाया जात नाही. मात्र इतकी कठीण टिप चेंडूच्या पृष्ठाला इजा करते, असा आक्षेप काही आयोजकांनी घेतला आणि टिप चामड्याचीच असावी अशी अट घातली.

ब्रेकच्या क्यूलाही कठीण टिप लागत असल्याने दोन्ही कामे एका साधनात जोडण्याची कल्पना पुढे आली. अशी क्यू तीन तुकड्यांची असते. पूर्ण जोडली की ब्रेकसाठी, आणि मागचा जड तुकडा फिरवून काढला की उरलेली ४० इंचांवरची काठी उडीसाठी.

मारण्याच्या दोन धाटण्या रूढ आहेत. पहिलीत हात नेहमीप्रमाणे खाली लोंबता ठेवून लंबकासारखा हलवतात. ३० ते ४५ अंशांच्या उडीला ती पुरते. दुसरीत कोपर वर आणून क्यू डार्टच्या बाणासारखी बोटांत धरतात आणि मनगटाच्या झटक्याने खाली सोडतात. जवळच्या अडथळ्यासाठी ६० अंशांपर्यंत क्यू उभी करायची असेल, तर हीच कामी येते.

नियम आणि वाद

स्नूकरमध्ये जंप क्यू जन्मलीच नाही, कारण तेथे पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूवरून उडवणे हाच मुळात फाऊल आहे. आधी एखाद्या चेंडूला लागून मग दुसऱ्यावरून गेला, तर त्याला अपवाद आहे. प्रतिस्पर्ध्याला अडकवणे हा ज्या खेळाच्या डावपेचांचा गाभाच आहे, त्याने सुटकेची ही वाट बंद ठेवावी यात नवल नाही.

पूलमध्येही मत एकमुखी नाही. काही स्पर्धांत जंप क्यूला मज्जाव असतो आणि उडी मारायची तर नेहमीच्या पूर्ण क्यूनेच मारावी लागते. विरोधकांचे म्हणणे असे की, विचारपूर्वक रचलेला बचाव एका आखूड काठीने निष्फळ होतो आणि किक शॉटची विद्या मागे पडते. समर्थकांच्या मते यामुळे बचाव करणाऱ्यालाच अधिक नेटके खेळावे लागते. नुसता चेंडू आड ठेवून भागत नाही, पांढरा चेंडू अडथळ्याला इतका चिकटवावा लागतो की वर उठायला जागाच राहू नये. वरिष्ठ स्तरावरील बचावाची शैली या दिशेने बदललेली दिसते, आणि या मुद्द्यावर समर्थकांचा पक्ष अधिक भक्कम वाटतो.

पंच नसलेल्या सामन्यांत इतर चेंडूंना चुकून झालेला स्पर्श सहसा फाऊल धरत नाहीत. पण ज्याच्यावरून उडी मारायची तोच चेंडू हलला, तर या सवलतीला अपवाद करून फाऊल देण्याची तरतूद नियमांत आढळते. नाणे टाकून खेळायच्या टेबलांवर परत येणारा पांढरा चेंडू ओळखू यावा म्हणून पूर्वी तो मोठा किंवा जड ठेवत. अशा चेंडूला उडवणे हलक्या क्यूला अवघड जाते. पूलगृहांच्या मालकांची हरकत आणखी वेगळी असते. प्रत्येक उडीत चेंडू कापडावर आदळून पांढुरका ठिपका उमटतो, कापडाचे धागे तेथे भाजल्यासारखे होतात, आणि सरावासाठी एकाच जागेवरून वारंवार उड्या मारल्या की ते कापड वेळेआधी बदलावे लागते. म्हणून सराव करणारे खेळाडू चेंडूखाली कापडाचा एक सुटा तुकडा ठेवतात.