ईजीआर वाल्व नवा टाकला, तरी कूलंट कमी होतंय?

डिझेल गाडीचा ‘ईजीआर’ (जळका वायू परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) ‘गेलाय’ असं फिटर म्हणतो आणि आपण मान डोलावतो. अहो, पण काय गेलंय, वाल्व की कूलर? कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाला थांबलं की हे रडगाणं हमखास कानावर येतं: वाल्व बदलला, पैसे गेले आणि टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, अजून उतरतंयच.

वाल्व सगळ्यांना ठाऊक आहे. जळका वायू थोडाथोडा परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) सोडायचा, म्हणजे ज्वलन कमी तापतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. काजळीनं तो उघडा अडकला की पिकअप जातो, काळा धूर येतो. बंद अडकला तर बऱ्याचदा नुसता इंजिनचा दिवा लागतो. रंकाळा ते शाहूपुरी एवढीच गाडी फिरवणाऱ्यांचा लवकर चोंदतो. आतली मोटर धड असेल तर साफ करून चालतो, लगेच नवा घेऊ नका.

हा परतीचा वायू गार करणाऱ्या कूलरचं दुखणं निराळं. त्यात एका बाजूनं तापलेला जळका वायू, दुसऱ्या बाजूनं इंजिनचं कूलंट आणि मध्ये फक्त पातळ पत्रा. तापून-निवून हा पत्रा तडकतो. मग कूलंट वायूच्या वाटेनं इंजिनात जाऊन जळतं. गाडीखाली थेंब नाही, पाईप कोरडे, तरी पातळी खाली. सकाळी चालू करताना पांढरा धूर आणि गोडसर वास.

खरी फसगत इथंच होते. हीच लक्षणं हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेल्यावरही दिसतात, त्यामुळं कुणी हेड उतरवतो, फेस मारतो (घासून सपाट करतो), गॅस्केट टाकतो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. हेडला हात लावायच्या आधी कूलर तपासायला लावा. वाल्व काढल्यावर तोंडाशी काजळी कोरडी भुकटी असेल तर एक वेळ ठीक. चिखलासारखी ओली असेल तर संशय कूलरवर. पक्कं करायचं तर कूलर सोडवायचा, कूलंटची एक वाट बंद करायची, दुसरीतून बेताची हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच; वायूच्या तोंडातनं बुडबुडे आले की निकाल लागला. काही कूलर गरम असतानाच गळतात, म्हणून कोमट पाण्यात बघितलेलं बरं.

‘पाणी टाकत राहा, चालतंय की’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. नळाच्या पाण्यानं आत क्षार आणि गंज धरतो. त्यात रात्रभर उभ्या गाडीत कूलंट सिलिंडरमध्ये साठलं, तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तडकलेल्या कूलरला वेल्डिंग करून देणारेही भेटतील. मी ते करणार नाही.

पत्रा लावून ईजीआर बंद करणाऱ्यांचं तर विचारूच नका. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, म्हणून यांचं फावतं. पण गळका कूलर तिथंच राहतो आणि बीएस-६ गाडीत दिवा लागायचा तो लागतोच.

वाल्व बदलला तर स्कॅनर लावून त्याचं लर्निंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या वाल्वची ओळख, करायला सांगा. कूलर बदलला तर गॅस्केट नवीनच घ्या आणि कूलंटमधली हवा नीट काढून घ्या. हवा राहिली तर गगनबावड्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जाईल आणि पुन्हा कुणीतरी हेड उतरवायला निघेल.