छायाचित्रातला पोत: वस्तूचा, कागदाचा आणि यंत्राचा

पोत ही खरे तर हाताने ओळखायची गोष्ट. प्रिंटवरून बोट फिरवले तर झाडाची साल, गंजलेला पत्रा आणि म्हाताऱ्या माणसाचा गाल सगळे सारखेच लागते. तरी पाहताना ते वेगवेगळे जाणवतात, कारण पृष्ठभागावरच्या प्रत्येक उंचवट्याने आपली इवलीशी सावली टाकलेली असते आणि कॅमेऱ्याने ती टिपलेली असते. मात्र टिपणाऱ्या साधनालाही, म्हणजे कागदाला, फिल्मला आणि आता सेन्सरला, स्वतःचा एक पोत असतो. वस्तूचा पोत आणि साधनाचा पोत यांची ओढाताण पहिल्या दिवसापासून चालू आहे. छायाचित्रणाचा सगळा इतिहास याच धाग्याने वाचता येतो, असे मला वाटते.

७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फ्रांस्वा आरागो यांनी लुई दागेर यांच्या शोधाची घोषणा केली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घासून लख्ख करायचा, आयोडिनच्या वाफेने तो प्रकाशाला संवेदनशील करायचा, कॅमेऱ्यात ठेवून त्यावर प्रकाश घ्यायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर प्रतिमा उमटवायची, अशी ही पद्धत होती. तिची ताकद त्या गुळगुळीतपणातच होती. पत्र्याला ना तंतू, ना रवा, त्यामुळे समोरच्या वस्तूचे बारकावे बुजत नसत. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन चित्रकार आणि तारायंत्राचे जनक सॅम्युएल मोर्स यांनी या प्लेटा पाहिल्या. रस्त्याच्या एका दृश्यात लांबवर एक पाटी होती. तिच्यावर अक्षरांच्या ओळी आहेत एवढेच नुसत्या डोळ्यांना कळत होते, पण भिंग धरल्यावर प्रत्येक अक्षर वाचता आले. इमारतींच्या भिंतींवरच्या आणि रस्त्याच्या फरसबंदीतल्या बारीक चिराही भिंगाखाली स्पष्ट दिसल्या, असे मोर्स यांनी लिहून कळवले. दागेर यांनी सुरुवातीला निवडलेले विषयही पाहण्यासारखे आहेत: प्लास्टरचे साचे, शंखशिंपले, जीवाश्म. इतका वेळ माणूस स्थिर बसू शकत नसे, हे त्याचे एक कारण खरेच. पण कडेने आलेल्या प्रकाशात या पद्धतीचे सामर्थ्य दाखवायला याहून चांगल्या वस्तू मिळाल्या नसत्या.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत निगेटिव्ह कागदाची असे. एका निगेटिव्हवरून कितीही प्रती निघत, हा मोठा फायदा होता. पण प्रकाश कागदातून पार जाताना कागदाचे तंतूही प्रिंटवर उमटत. ते पुसट व्हावेत म्हणून टॅलबट निगेटिव्हला मेण लावीत. असे असूनही पोताविषयी पहिले विचारपूर्वक लिहिणारे तेच. गवताच्या गंजीच्या छायाचित्रासोबत त्यांनी नोंदवले की, जे असंख्य बारीकसारीक तपशील कोणताही चित्रकार एकेक करून उतरवण्याचे कष्ट घेणार नाही, ते या नव्या कलेने चित्रात येतील आणि चित्राचा खरेपणा वाढेल. १८४४ सालचे त्यांचे उघड्या दाराचे चित्र पाहावे. दाराला टेकवलेला झाडू, त्याची तिरपी सावली, लाकडाचे उन्हापावसाने उघडे पडलेले अंग. विषय म्हणावा तर काहीच नाही. पृष्ठभागांवर पडलेला प्रकाश एवढाच काय तो विषय.

याच सुमारास एडिंबरोमध्ये चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अॅडमसन यांनी १८४३ ते १८४७ या काळात कॅलोटाइपमध्ये हजारो चित्रे केली. न्यूहेवनच्या कोळणींचे पट्ट्यापट्ट्यांचे घागरे आणि वेताच्या टोपल्या त्यांत आहेत. सगळे जरा भरड दिसते. हिल यांना याची पूर्ण जाणीव होती. कागदाच्या खडबडीत, असमान पोतामुळेच तपशिलात कॅलोटाइप दागेरच्या पत्र्यापुढे कमी पडते आणि तेच तिचे चैतन्य आहे, अशा आशयाचे त्यांनी १८४८ मध्ये लिहिले. म्हणजे छायाचित्रणाला अजून दहा वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच साधनाचा पोत दोष की गुण हा वाद मांडला गेला होता. मला हिल यांचे हे मत आजही ताजे वाटते.

पण व्यवहारात बाजी मारली ती काचेने. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचेत तंतू नसल्याने निगेटिव्ह स्वच्छ, आणि एका निगेटिव्हवरून अनेक प्रतीही. त्याच्या आदल्याच वर्षी अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद आला होता. पुढची तीसेक वर्षे या जोडीचेच राज्य होते.

काचेने तंतूंचा प्रश्न सोडवला, रंगांचा नाही. त्या काळची रसायने निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. त्वचेवरची लाली, वांग, तीळ सगळे गडद उतरे. जुन्या फोटोंतले चेहरे रापलेले, निबर दिसतात ते सगळेच आयुष्याच्या खडतरपणामुळे नव्हे. त्यात प्लेटचाही वाटा आहे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून प्लेटची संवेदनशीलता हिरव्यापर्यंत वाढवता येते हे दाखवले. सर्व रंगांना दाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

एकोणिसावे शतक संपताना अनेक छायाचित्रकारांना या काटेकोर तपशिलाचाच कंटाळा आला. छायाचित्राला कला म्हणून मान मिळावा, यासाठी ते गम बायक्रोमेटसारख्या पद्धतींकडे वळले. यात जाड चित्रकलेच्या कागदावर रंगाचा थर देऊन, ब्रशने तो हलवत प्रतिमा घडवता येई. फ्रान्सचे रोबेर दमाशी हे त्यातले मोठे नाव. या चित्रांत पोत भरपूर असतो, पण तो कागदाचा आणि कुंचल्याचा.

याला उत्तर आले ते अमेरिकेतून. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा जून १९१७ चा शेवटचा अंक पॉल स्ट्रँड यांच्या थेट, हात न फिरवलेल्या छायाचित्रांना वाहिलेला होता. मार्च १९२४ मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी रोजनिशीत लिहिले की, चकचकीत पोलाद असो की धडधडते शरीर, वस्तूचे सत्त्व दाखवणे हे कॅमेऱ्याचे काम. पुढे त्यांनी शिंपले, कोबीचे पान आणि १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली ती प्रसिद्ध ढोबळी मिरची टिपली. मिरचीच्या सालीवर प्रकाश इतका हळुवार घसरतो की ती पिळदार दंडासारखी वाटते. गुळगुळीतपणा हाही पोतच असतो आणि तो पकडणे खरखरीत भिंत टिपण्यापेक्षा अवघड असते, कारण तिथे आधाराला सावल्याच नसतात. करड्या छटांच्या संथ उतरणीवर सगळे अवलंबून असते.

१९३० मध्येच तरुण अॅन्सेल अॅडम्स यांनी अमेरिकेतल्या ताओस या गावी स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह पाहिल्या आणि छायाचित्रणालाच वाहून घ्यायचे ठरवले. तोवर ते खडबडीत कागदावर प्रिंट करत; आता चकचकीत कागदाकडे वळले. कागदाचा खरखरीतपणा गेला आणि चित्रातल्या ग्रॅनाइटच्या खडकाचा आला. नोव्हेंबर १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात वेस्टन, अॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम आदींच्या ‘ग्रुप एफ/६४’चे प्रदर्शन भरले. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे सर्वांत लहान छिद्र म्हणजे एफ/६४. त्यात जवळचे आणि दूरचे सारखेच रेखीव येते. पण रेखीवपणा पुरेसा नाही, हे अॅडम्स यांनी फ्रेड आर्चर (कोलोडियनवाले आर्चर वेगळे) यांच्यासोबत १९४० च्या आसपास बांधलेल्या झोन सिस्टीमने दाखवले. काळ्याभोरपासून पांढऱ्याफेकपर्यंत ० ते १० अशा पायऱ्या, आणि पोत दिसतो तो साधारण २ ते ८ यांच्यामध्येच. त्याच्या खाली सगळे काजळात बुडते, वर उजेडात विरते. पोत हा एक्स्पोजरचा, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा याचा, हिशेब आहे, हे इतके नेमके आधी कोणी मांडले नव्हते.

जर्मनीत बाऊहाउस या कलाशाळेत शिक्षक लाझ्लो मोहोली-नाज विद्यार्थ्यांकडून निरनिराळे पदार्थ बोटांनी चाचपून घेत. पदार्थाची आतली रचना, त्याचा वरचा पोत आणि त्यावर बाहेरून झालेल्या कामाच्या खुणा असा भेद त्यांनी १९२९ मध्ये मांडला. आल्बर्ट रेंगर-पाट्झ्श आणि कार्ल ब्लॉसफेल्ट यांची वनस्पती व वस्तूंची रेखीव छायाचित्रेही याच काळातली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चक्र पुन्हा फिरले. न्यूयॉर्कच्या आरन सिस्किंड यांनी सोललेल्या रंगाचे पापुद्रे आणि फाटकी पोस्टरे इतक्या जवळून टिपली की वस्तूच नाहीशी होऊन नुसता पोत उरला. जपानमध्ये १९६८-६९ मध्ये निघालेल्या ‘प्रोव्होक’ नियतकालिकातून ताकुमा नाकाहिरा आणि दायदो मोरियामा यांनी फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचा रवाळपणा, मुद्दाम फोडून, जणू ओरडून दाखवला. हिल यांचा पक्ष तिथे नव्या आवेशाने उभा राहिलेला दिसतो.

डिजिटल सेन्सरने ग्रेन घालवला, पण स्वतःच्या अडचणी आणल्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रंगजाळीचे पेटंट मिळाले, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. कापडाची वीण या जाळीशी भिडली की नसलेल्या लाटा उमटतात. त्या टाळायला सेन्सरपुढे किंचित धूसर करणारा फिल्टर बसवत, म्हणजे लाटांसोबत खरा पोतही थोडा जाई. २०१२ मध्ये निकॉनने डी८००ई या कॅमेऱ्यात त्या फिल्टरचा परिणाम रद्द केला. लाटांचा धोका पत्करूनही अनेकांनी तो पसंत केला.

याहून मोठे नुकसान नॉइज, म्हणजे फोटोत आपोआप येणारे नकोसे ठिपके, काढणाऱ्या गणिताने केले. गवत, केस, त्वचेची छिद्रे यांचे तपशील बारीक आणि फिक्या फरकाचे असतात. कमी उजेडातला नॉइजही तसाच. दोन्हींतला भेद न कळून सॉफ्टवेअर दोन्ही पुसते आणि गवताचे जलरंगातले फटकारे होतात. कॅमेऱ्याच्या चाचणीसाठीच्या सरळ रेघांच्या तक्त्यावर मात्र तोच कॅमेरा उत्तम गुण मिळवी, कारण ठळक कडा गणित शाबूत ठेवते. म्हणून २००९ च्या सुमारास ‘डेड लीव्ह्ज’ नावाचा तक्ता चाचणीसाठी पुढे आला: एकमेकांवर पडलेल्या लहानमोठ्या असंख्य वर्तुळांचा, ज्यात कुठलीही ओळखीची रेघ नाही. २०१९ मध्ये अॅपलने डीप फ्यूजन ही अनेक फोटो एकत्र करणारी पद्धत दाखवली तीही स्वेटर घातलेल्या माणसाच्या फोटोवर, लोकरीचा धागान् धागा मोजता यावा म्हणून. आता काही सॉफ्टवेअर एक पाऊल पुढे जाऊन, भिंगाने न पाहिलेला पोतही शिकलेल्या नमुन्यांवरून भरून काढते. डेड लीव्ह्जच्या पहिल्या पद्धतीत नॉइजही पोत म्हणून मोजला जाई. पुढच्या सुधारित पद्धतीत फोटो मूळ तक्त्याशी ताडून पाहतात, आणि जे तक्त्यात नव्हते ते पोताच्या खात्यात धरत नाहीत.