गोळी गरम पडते म्हणजे नेमकं काय होतं?

फार्मसीची मुलं ‘सांस्कृतिक सक्षमता’ आणि ‘सांस्कृतिक विनम्रता’ हे शब्द एकाच अर्थाने लिहितात. फरक कळतो तो मेडिकलच्या काउंटरवर.

डी.फार्म. या फार्मसीच्या पदविकेनंतरच्या 500 तासांच्या प्रशिक्षणासाठी आमचा एक विद्यार्थी मालवणच्या एका दुकानात होता. मासळी विकणाऱ्या एक मावशी मधुमेहाची मेटफॉर्मिन विकत घ्यायला आल्या नव्हत्या, परत करायला आल्या होत्या. “ही गोळी माका गरम पडता.” इकडे लोक औषधांचं गरम-थंड मानतात, हे त्याला वर्गात शिकवलेलं. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही, अंधश्रद्धा म्हटलं नाही. “ताक पीत जा,” असं आपुलकीने सांगितलं. मावशी गेल्या आणि गोळी बंदच राहिली.

ही झाली सक्षमता. समाजाच्या रूढी, बोली, खाणंपिणं माहीत असणं. ती हवीच, ती नसती तर तो मावशींना हसला असता.

पुढच्या खेपेला काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिने विचारलं, “मावशी, गरम पडते म्हणजे तुम्हाला काय होतं?” मळमळ आणि जुलाब. “घेता कधी?” पहाटे, लिलावाला जेटीवर जाण्याआधी, कोऱ्या चहाबरोबर. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ होतं, पण मावशींचं जेवण दुपारी. सकाळची पेज त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच. मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेतली की पोट बिघडतं. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि सकाळची गोळी पेजेबरोबर ठरली. मग म्हणाली, “आता घरी कशी घेणार, ते तुम्हीच मला सांगा.”

ही विनम्रता. म्हणजे गोड बोलणं नव्हे. समोरच्या माणसाच्या आयुष्याची माहिती त्याच्याकडेच आहे, हे धरून विचारणं. मेलानी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी 1998 मध्ये हा भेद मांडला: सक्षमता एकदा मिळवून संपत नाही, स्वतःचे पूर्वग्रह आयुष्यभर तपासावे लागतात, आणि औषध देणाऱ्याच्या हातातली सत्ताही.

रमझानचंही तसंच. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने रोजा धरला तर साखर फार उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून वेळ आणि मात्रा बदलावी लागते. हे मुलांना पाठ असतं. पण मुस्लिम नाव दिसलं की रोजा गृहीत धरतात, आणि कडक श्रावणी सोमवार करणाऱ्या काकूंना उपासाचं विचारतच नाहीत. प्रश्न दोघांनाही तोच हवा: “उपास धरता का?”

शिकवण्यातली खरी अडचण परीक्षेची आहे. रूढींवर पाच गुणांचा प्रश्न काढता येतो. विचारण्याला गुण कसे द्यायचे? मी आता तोंडी परीक्षेत रुग्ण होऊन बसते, ‘गोळी गरम पडते’ म्हणते आणि मुलाचं पहिलं वाक्य प्रश्न आहे की सल्ला, तेवढं टिपून ठेवते.