२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी मूळ संख्या २^३१ − १ अशी लिहिता येते. त्यामुळे ती मर्सेन मूळ संख्यांमध्ये, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांमध्ये मोडते. लहानाकडून मोठ्याकडे मोजत गेल्यास तिचा क्रमांक आठवा. द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने ३१ वेळा १. २ च्या एका घाताहून नेमकी एकाने कमी असणे, यातूनच तिचे बहुतेक गुणधर्म निघतात.

फ्रेंच गणिती मर्सेनने अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची १६४४ साली दिलेल्या यादीत ३१ होता, पण सिद्धता नव्हती. ती लेओनार्ड ऑयलरने १७७२ पर्यंत दिली, आणि संख्या सिद्धांतातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांत तिची गणना व्हावी. समजा, न या मूळ संख्येने २^३१ − १ ला नि:शेष भाग जातो. मग २ चे घात न ने भागत गेल्यास १ ही बाकी प्रथम ३१व्या घातालाच येते, कारण ३१ स्वतः मूळ आहे. फर्माच्या प्रमेयानुसार न − १ व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून ३१ ने न − १ ला भाग जावाच लागतो. शिवाय २^३२ आणि २ यांची बाकी सारखीच, आणि २^३२ हा तर २^१६ चा वर्ग. म्हणजे एका वर्गाची बाकी २ च्या बाकीइतकी येते, आणि असे घडायचे तर न ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरावी लागते. दोन्ही अटी जुळवल्या की न हा २४८क + १ किंवा २४८क + ६३ (क ही पूर्ण संख्या) याच साच्यातला असतो. तपास वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत करायचा. तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत, पण साच्यात बसणाऱ्या ऐंशीच्या आसपासच. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

पुढे ऐंशीहून अधिक वर्षे हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. तिला २^३० ने गुणल्यावर २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. तो अंदाज चुकला.

४ ने भागल्यास बाकी ३ उरत असल्याने ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही. तिच्याहून एकाने लहान संख्येचे अवयव २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे आहेत. जिचे घात या संख्येने भागत गेल्यास शून्याखेरीज प्रत्येक बाकी येते, अशा संख्येला तिचे आदिम मूळ म्हणतात; सर्वांत लहान आदिम मूळ ७. २ मात्र आदिम मूळ नाही, कारण त्याचे चक्र ३१ पायऱ्यांतच संपते. ७^५ म्हणजे १६,८०७ ने गुणत राहून दर वेळी हिने भागल्याची बाकी घेतली, तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येऊन मग चक्र पुन्हा सुरू होते. संगणकावर यादृच्छिक संख्या निर्माण करण्याची एक प्रसिद्ध पद्धत यावरच उभी आहे. २^३१ ची बाकी १ असल्याने प्रत्यक्ष भागाकारही टळतो. द्विमान रूपातले शेवटच्या ३१ अंकांवरचे अंक खाली सरकवून मिळवले की काम भागते.

संगणकातल्या ३२ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) चिन्हयुक्त, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या पूर्णांकाची कमाल मर्यादाही हीच. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद अशा पूर्णांकात साठवणाऱ्या प्रणालींचा मोजणीपट्टा १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ वाजता संपतो.

हिलाच घातांक करून मिळणारी महाकाय मर्सेन संख्या मात्र मूळ नाही. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो, आणि या विभाजकातून १ वजा केल्यास उरते ते २,१४,७४,८३,६४७ च्या दुपटीची ६८,७४५ पट.